वेलांकणीची यात्रा: आधी काय, मग काय आणि लोक कुठे चुकतात

वसई, मुंबई, पुणे आणि गोव्यातून दरवर्षी हजारो माणसं तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या वेलांकणीला, देवमाता मरियेच्या तीर्थस्थानाला जातात. त्यातली बरीच जण परत आल्यावर तेच सांगतात: खोली मिळाली नाही, बाळाचा बाप्तिस्मा झाला नाही, गर्दीत मातेचं दर्शन धड झालं नाही, मराठी मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) होती हे परतीच्या गाडीत कळलं. यातली बहुतेक कामं तिथे जाऊन बिघडत नाहीत, घरून निघतानाच बिघडलेली असतात, कारण आधी तिकीट काढलं जातं आणि बाकीचं मग ठरवलं जातं. खाली दिलेला क्रम याच्या उलटा आहे. तो पाळला तर वेलांकणी नीट होते आणि वाटेतली तंजावर, तिरुची, चेन्नईची चर्चही पाहून होतात.

1. कशासाठी जायचं, ते एका वाक्यात ठरवा

घरात सगळ्यांना विचारा आणि यापैकी एकच मुख्य कारण निवडा: सण बघायचा आहे, नवस फेडायचा आहे, बाप्तिस्मा किंवा लग्नासारखा संस्कार करायचा आहे, की मातेपुढे शांतपणे बसायचं आहे.

या चारांची तारीख, मुक्काम आणि कागद वेगवेगळे असतात. सणाच्या गर्दीत शांत बसता येत नाही. संस्कार सणाच्या दिवसांत ठरवला तर नातेवाइकांना खोल्या मिळत नाहीत. घरात लहान मूल, गुडघेदुखीची आजी किंवा दम्याचा माणूस असेल आणि नवस फक्त ‘मातेकडे जाऊन येईन’ एवढाच असेल, तर 8 सप्टेंबरचा हट्ट सोडा. नवसात तारीख बोलला नसाल तर ती स्वतःवर लादून घेऊ नका.

2. तारखा नीट लावा

सणाचे दिवस दरवर्षी ठरलेले असतात. 29 ऑगस्टला संध्याकाळी झेंडा चढतो, त्यानंतर नऊ दिवसांचा नोव्हेना (रोजच्या प्रार्थनांचा क्रम), 7 सप्टेंबरच्या रात्री मातेच्या रथाची मोठी मिरवणूक, 8 सप्टेंबरला देवमातेच्या जन्माचा सण आणि त्याच संध्याकाळी झेंडा उतरतो.

इथे तीन चुका होतात.

पहिली: मोठा रथ 8 तारखेला असेल असं समजून माणसं 8 च्या सकाळी उतरतात. तोवर रथ निघून गेलेला असतो आणि परतणाऱ्यांचा लोंढा अंगावर येतो. रथ बघायचा असेल तर 6 ला, फार तर 7 च्या सकाळी गावात असायला हवं.

दुसरी: नोव्हेनाच्या दिवसांत तमिळ, इंग्रजी, मल्याळम, तेलुगू, कन्नड, हिंदी, कोकणी आणि मराठीतही मिस्सा होतात, पण प्रत्येक भाषेची वेळ आणि जागा वेगळी असते. तिचं वेळापत्रक त्या वर्षी देवालयाकडून जाहीर होतं. मागच्या वर्षीचा फोटो व्हॉट्सअॅपवर फिरत असतो, त्यावर विसंबू नका.

तिसरी खास आपल्याकडची आहे. वांद्र्याची माउंट मेरीची जत्रा 8 सप्टेंबरला किंवा त्यानंतरच्या रविवारी सुरू होते. दोन्ही करायचं असेल तर परतीचं तिकीट 9 तारखेचं धरा आणि वाटेत थांबायचा मोह टाळा.

सण नको असेल तर जानेवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंतचा काळ मला सर्वांत बरा वाटतो, पवित्र आठवडा (ईस्टरच्या आधीचा) तेवढा सोडून. मे महिन्यात शाळांच्या सुट्ट्यांची गर्दी आणि ऊन दोन्ही असतं. ऑक्टोबर ते डिसेंबर हा या किनाऱ्याचा खरा पावसाळा. आपला पाऊस संपला की तिथला सुरू होतो, हे आपल्या लोकांच्या लक्षातच येत नाही. नोव्हेंबर 2018 मध्ये ‘गज’ चक्रीवादळाने नागपट्टिनम जिल्हा झोडपून काढला होता. या महिन्यांत जायचंच असेल तर हवामान खात्याचा इशारा रोज बघा.

> तपासा: कारण आणि तारीख एकमेकांना धरून आहेत ना? नसतील तर पुढे जाऊ नका.

3. घरच्या धर्मग्रामातले (पॅरिशमधले) कागद आधी

सर्वांत जास्त निराशा इथेच होते, म्हणून थोडं सविस्तर.

*बाप्तिस्मा.* ‘मूल झालं तर वेलांकणीला बाप्तिस्मा देईन’ असा नवस पुष्कळ जण करतात. चर्चच्या नियमाप्रमाणे बाळाचा बाप्तिस्मा साधारणपणे आई-वडिलांच्या धर्मग्रामातच व्हायचा असतो, सबळ कारण असेल तरच दुसरीकडे. म्हणजे आधी आपल्या प्रमुख धर्मगुरूंना भेटायचं, नवसाची गोष्ट सांगायची आणि त्यांच्या सही-शिक्क्याचं परवानगीपत्र घ्यायचं. सोबत जन्मदाखला, आई-वडिलांच्या लग्नाचा दाखला आणि धर्ममाता-धर्मपित्याबद्दल त्यांच्या धर्मग्रामाचं पत्र ठेवा. धर्मपिता कॅथलिक हवा, दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा संस्कार) झालेला हवा. ऐन वेळी सोबत आलेल्या मित्राला उभं करता येत नाही. पत्र मिळालं की देवालयाच्या कार्यालयाशी संपर्क साधून दिवस पक्का करा आणि मगच तिकीट काढा.

*लग्न.* वेळ हाताशी ठेवा, काही महिने धरून चाला. दोघांचे ताजे बाप्तिस्मा दाखले (साधारण सहा महिन्यांच्या आत काढलेले), दोघांच्या धर्मग्रामात झालेल्या लग्नाच्या तीन जाहीर घोषणा, विवाहपूर्व शिबिराचं प्रमाणपत्र आणि वधू-वरांच्या धर्मगुरूंचं ना-हरकत पत्र एवढं किमान लागतं. जोडीतलं एक जण कॅथलिक नसेल तर धर्मप्रांताची (बिशपच्या कार्यालयाची) परवानगी वेगळी घ्यावी लागते, आणि तिला लागणारा वेळ तुमच्या हातात नसतो.

*पापनिवेदन (कन्फेशन).* घरीच उरकून जा. तिथे पापनिवेदन ऐकायला धर्मगुरू असतात, पण मराठी समजणारे भेटतीलच याची खात्री नाही. आजी-आजोबांना इंग्रजीत सांगता येत नाही आणि ते तसेच परत फिरतात.

> सावधान: ‘तिथे गेल्यावर पैसे भरून सगळं होतं’ असं सांगणारा माणूस चर्चचा नसतो.

4. तिकीट आणि खोली

रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर 2024 पासून 60 दिवस आधी सुरू होतं, पूर्वीसारखं 120 नाही. अजूनही मे महिन्यात तिकीट शोधणारे भेटतात. हिशोब असा: 5 सप्टेंबरला निघायचं तर खिडकी 7 जुलैला उघडते, 9 सप्टेंबरच्या परतीसाठी 11 जुलैला. म्हणजे दोन वेगळ्या सकाळी बसावं लागतं. जाण्याचं तिकीट मिळाल्याच्या आनंदात परतीचं राहून जातं, असं फार होतं.

मुंबईहून लोकमान्य टिळक टर्मिनस ते कारैक्कल ही आठवड्यातून एकदा धावणारी गाडी नागपट्टिनमला थांबते. गोव्यातून वास्को ते वेलांकणी अशी थेट साप्ताहिक गाडी आहे. सणासाठी विशेष गाड्याही सोडतात, पण त्या उशिरा जाहीर होतात. त्यांच्या भरवशावर खोली रद्द न होणाऱ्या दरात घेऊ नका. या गाड्यांचा वार जमत नसेल तर चेन्नईला उतरून रात्रीच्या गाडीने नागपट्टिनम, किंवा विमानाने तिरुचिरापल्ली आणि पुढे साधारण दीडशे किलोमीटर रस्त्याने.

दोन चुका मात्र डोळ्यांत तेल घालून टाळा.

नागपट्टिनम आणि नागरकोइल ही दोन वेगळी शहरं आहेत. मुंबईहून नागरकोइलला थेट गाडी असल्यामुळे घाईत तीच निवडली जाते. ती तुम्हाला कन्याकुमारीजवळ नेऊन सोडते, वेलांकणीपासून कित्येक तास दूर. आरक्षण करताना स्थानकाचा कोड वाचा: नागपट्टिनम एनजीटी, वेलांकणी व्हीएलएनके, नागरकोइल एनसीजे.

दुसरी चूक चेन्नईत होते. टॅक्सीच्या अॅपवर ‘वेलांकणी चर्च’ टाकलं की बेझंट नगरच्या समुद्रकाठचं अन्नै वेलांकणी देवालय समोर येतं. तेही मोठं तीर्थस्थान आहे, तिथेही 29 ऑगस्टला झेंडा चढतो आणि तुफान गर्दी होते. पण मूळ वेलांकणी तिथून तीनशे किलोमीटरहून जास्त दक्षिणेला आहे. ज्यांना तेवढा प्रवास झेपणार नाही त्यांनी मुद्दाम बेझंट नगरला जावं, चुकून नव्हे.

खोलीसाठी आधी देवालयाच्या स्वतःच्या निवासांची चौकशी करा. सणाच्या दिवसांत त्या भरलेल्या असतील तर नागपट्टिनम शहरात राहा. अंतर दहा-बारा किलोमीटरचं आहे आणि बस सतत असतात. स्थानकाबाहेर ‘चर्चची खोली’ म्हणून हात धरणाऱ्याबरोबर जाऊ नका. खोली आधी बघायची, पावती घ्यायची, मग पैसे.

5. सामान

थोडकंच सांगतो. सुती कपडे, खांदे आणि गुडघे झाकणारे. बायकांसाठी डोक्यावर घ्यायला ओढणी किंवा पदर, कारण तमिळ गावांतल्या मिस्सेला बहुतेक बायका डोकं झाकतात. सहज काढता येणाऱ्या चपला. दोन बाटल्या, एक प्यायच्या पाण्याची आणि एक रिकामी, झाकण घट्ट लागणारी. कापडी पिशवी, कारण तमिळनाडूत 1 जानेवारी 2019 पासून एकदा वापरून फेकायच्या प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आहे. गुडघ्यांवर चालण्याचा नवस असेल तर जुनी जाड पँट आणि जखमेवरचं मलम. लहान मुलांच्या खिशात आई-वडिलांचा फोन नंबर इंग्रजी आकड्यांत लिहिलेली चिठ्ठी. देवनागरी आकडे तिथे कुणाला वाचता येणार नाहीत.

6. पोहोचल्यावर पहिले दोन तास

सामान टाकून लगेच दर्शनाच्या रांगेत धावू नका. आधी परिसर पायी फिरून घ्या. मुख्य महामंदिर, म्हणजे 1962 साली पोप तेविसावे जॉन यांनी बॅसिलिकेचा (विशेष मानाच्या चर्चचा) दर्जा दिलेलं पांढरं चर्च, समुद्राच्या बाजूला आहे. तिथून एक वाळूची वाट मातेच्या तळ्याकडे जाते. तळ्याला तिथे ‘माता कुळम’ म्हणतात. मधेच ‘नडु तिट्टु’ लागतं, ताक विकणाऱ्या पोराला माता दिसली अशी श्रद्धा आहे ती जागा. मोठ्या गर्दीच्या मिस्सा ‘मॉर्निंग स्टार’ या नव्या, प्रचंड चर्चमध्येही होतात. या चार जागा डोक्यात बसल्या की हरवायला होत नाही.

मग कार्यालयात जा. त्या दिवसाच्या मिस्सांचं वेळापत्रक भिंतीवर असतं, त्याचा फोटो काढून घ्या. कुणाच्या नावाने मिस्सा अर्पण करायची असेल तर इथेच नाव लिहून द्या, पावती घ्या आणि ती कोणत्या दिवशी होणार ते विचारा. सणाच्या काळात ‘आत्ताच्या मिस्सेत नाव घ्या’ असं होत नसतं.

> तपासा: कुटुंबाने चुकामूक झाल्यास भेटायची जागा ठरवली का? ‘चर्चसमोर’ ही जागा होत नाही, तिथे हजार माणसं उभी असतात. एखादं दुकान किंवा कार्यालयाचं दार ठरवा.

7. नवसाचा क्रम

लोक आधी दर्शन घेतात आणि मग केस काढायला जातात. मग अंगभर केस, पुन्हा आंघोळ, पुन्हा रांग. त्यापेक्षा असं करा:

1. केस. मुंडणाला तिथे ‘मोट्टै’ म्हणतात. ते देवालयाने नेमून दिलेल्या जागीच करा, रस्त्यावर नाही. पातं तुमच्यासमोर नवं लावायला सांगा. बोलायची लाज वाटू देऊ नका, विशेषतः बाळाच्या बाबतीत. नंतर डोक्याला चंदन लावतात, त्याने आग कमी होते.

2. आंघोळ. खोलीवर करा. समुद्रात बुडी मारण्याची रीत आहे, पण हा बंगालचा उपसागर आहे आणि किनाऱ्याची खोली पटकन वाढते. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत इथे शेकडो यात्रेकरू गेले. रोजच्या दिवशीही लाट अनोळखी माणसाला खेचते. पाय भिजवायचे असतील तर रक्षक उभे असतात तिथेच, गुडघ्यापर्यंत, मुलांचा हात धरून.

3. तळं. माता कुळमचं पाणी बाटलीत घ्या. बाटलीवर लगेच नाव लिहा, घरी आल्यावर पाच बाटल्यांत कोणती कुणाची याचं भांडण होतं.

4. गुडघ्यांची वाट. तळ्याकडून महामंदिराकडे चला, म्हणजे शेवट मातेपाशी होतो. वेळ पहाटे साडेपाच ते साडेसात किंवा सूर्य बुडाल्यावर. दुपारी ही वाळू इतकी तापते की भाजल्याचे फोड येतात. सगळी वाट गुडघ्यांवर जमत नसेल तर जमेल तेवढी करा आणि उरलेली रोझरी म्हणत चालत जा. सोबत एक माणूस पाणी घेऊन उभ्याने चालू द्या. दोघंही गुडघ्यांवर असले की बाळ कोण धरणार?

5. अर्पण. वांद्र्याला जसे मेणाचे हात-पाय मिळतात तशा इथे धातूच्या पातळ पट्ट्या मिळतात. हात, डोळा, हृदय, घर, बाळ, जहाज, जे मागितलं ते. फुटपाथवर ‘चांदी’ म्हणून विकली जाणारी पट्टी बहुतेक वेळा चांदी नसते. मातेला त्याने काही फरक पडत नाही, पण चांदीचा भाव मात्र देऊ नका. खरं सोनं-चांदी वाहायचं असेल तर कार्यालयात द्या आणि पावती घ्या. मधल्या कुणाच्याही हातात देऊ नका. मेणबत्त्या बाहेरच्या ठरलेल्या जागी लावायच्या असतात, आत नेऊ नका.

6. दर्शन. सगळं झाल्यावर. साडी नेसलेली, बाळ येशूला हातात घेतलेली माता समोर आली की रांग पुढे सरकत राहते, दोन-चार सेकंद मिळतात. मागणं आधीच मनात तयार ठेवा. नीट बसायचं असेल तर रांगेतून बाहेर येऊन मागच्या बाकावर बसा, तिथून उठवायला कुणी येत नाही. आत फोटो काढू नका.

8. मिस्सेत

तमिळ मिस्सा समजत नसली तरी क्रम तोच असतो, त्यामुळे कुठे उभं राहायचं ते शेजाऱ्याकडे बघून कळतं. ख्रिस्तशरीर (मिस्सेत वाटली जाणारी पवित्र भाकर) स्वीकारायचं असेल तर आधी एक तास पाण्या-औषधाशिवाय पोटात काही जाऊ देऊ नका. गाडीतून उतरून इडली खाऊन सरळ मिस्सेत, ही सवय इथे चालत नाही.

वेलांकणीला हिंदू आणि मुसलमान भाविकही मोठ्या संख्येने जातात आणि त्यांचं स्वागतच होतं. मात्र ख्रिस्तशरीराची रांग बाप्तिस्मा झालेल्या, तयारी केलेल्या कॅथलिकांसाठी आहे. प्रसाद समजून हात पुढे केला जातो आणि मग दोन्ही बाजूंना अवघड होतं. त्या वेळी आपल्या जागी बसून राहा. वाटप संपल्यावर मातेपुढे जायला कुणाचीच ना नसते.

9. वाटेतली चर्च: प्रत्येकाचं घड्याळ वेगळं

गावातल्या चर्चमध्ये मिस्सा पहाटे असते, पुष्कळ ठिकाणी सहाच्या आसपास, आणि दुपारी दारं बंद. अकरा वाजता गाडीने पोहोचून कुलूप बघणारे खूप. सकाळी साडेआठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर जा. चपला बाहेर काढा, खाली चटईवर बसायची तयारी ठेवा. पुरुष एका बाजूला आणि बायका दुसऱ्या बाजूला अशी बसायची पद्धत दिसली तर तशीच पाळा.

*पूंडी माता.* तंजावरहून तिरुकाट्टुपळ्ळीच्या दिशेने, 1999 पासून बॅसिलिका. वेलांकणीच्या दगदगीनंतर एक शांत सकाळ हवी असेल तर इथे या.

*तिरुची.* सेंट जोसेफ कॉलेजच्या आवारातलं लूर्द मातेचं चर्च स्थानकावरून सहज होतं. गाडी बदलताना चार तास असतील तर एवढं एकच करा.

*चेन्नई.* सांतोमला, संत थॉमसच्या चर्चमध्ये, माणसं मुख्य चर्च पाहून परत फिरतात आणि संत थॉमसच्या थडग्याचं प्रार्थनालय राहून जातं. ते चर्चच्या खाली आहे आणि त्याला मागच्या बाजूने वेगळा प्रवेश आहे. थॉमस पर्वतावर जायला पायऱ्याही आहेत आणि वरपर्यंत रस्ताही, वृद्धांना गाडीने न्या.

*तूतुकुडी.* हिममातेचा सण 26 जुलै ते 5 ऑगस्ट. सोन्याचा रथ बघायला दरवर्षी माणसं येतात, पण तो दरवर्षी निघत नाही. 2013 नंतर तो 2023 ला ओढला गेला. नुसत्या रथासाठी जाणार असाल तर त्या वर्षी तो निघणार आहे का, हे आधी विचारा. शिवाय तूतुकुडी वेलांकणीच्या वाटेवर नाही, ती वेगळी यात्रा धरा.

रिक्षावाल्याला ‘चर्च’ म्हणून कळलं नाही तर ‘माता कोविल’ म्हणा. मिस्सेची वेळ विचारायला ‘पूसै एत्तनै मणिक्कु?’ आणि भाव विचारायला ‘एव्वळवु?’ एवढं पुरतं. वेलांकणीच्या दुकानदारांना मोडकंतोडकं हिंदी येतं, तंजावरच्या पुढच्या गावांत तेही नाही.

10. निघण्यापूर्वी

बाप्तिस्मा किंवा लग्न झालं असेल तर दाखला तिथेच हातात घ्या. नावाचं स्पेलिंग अक्षर न् अक्षर तपासा, कारण तमिळ उच्चाराने लिहिलेलं आडनाव पुढे पासपोर्टच्या वेळी डोकेदुखी होतं. दुरुस्ती त्याच कार्यालयात, त्याच दिवशी करून घ्या. घरी पोहोचल्यावर दाखल्याची प्रत आपल्या धर्मग्रामाच्या कार्यालयात द्या आणि तिथल्या वहीत नोंद झाली का ते विचारा.

8 तारखेच्या संध्याकाळी निघणार असाल तर नागपट्टिनम स्थानकावर दोन तास आधी पोहोचा. दहा किलोमीटरच्या रस्त्याला त्या दिवशी तासाहून जास्त लागतो, आणि बसमध्ये चढायला त्याहूनही जास्त.